दहा मुक्कामांची वाट

सोलापूरच्या माणसाला चालणे शिकवावे लागत नाही. कोजागरीच्या सुमारास आमच्या गावाहून हजारो माणसे पायी तुळजापूरला निघतात. अंतर ४५ किलोमीटर. त्यांत गिरणीतून निवृत्त झालेले म्हातारे असतात, कडेवर पोर घेतलेल्या बाया असतात आणि एरवी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही मोटारसायकलवर जाणारे तरुण असतात. मीही वयाच्या बाराव्या वर्षापासून ही वाट चालत आलो. साठी उलटल्यावर गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि तेव्हापासून मी एस. टी. ने देवीला जातो.

हे आत्मपुराण अशासाठी, की गेल्या वर्षी दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच मी घरात जाहीर केले, "मी तेरहून पैठणला जाणार आहे. जुन्या वाटेने." सौभाग्यवतींनी एकदा माझ्या गुडघ्यांकडे पाहिले आणि मला काही न बोलता पुतण्याला फोन लावला. "तुझ्या काकांनी काहीतरी डोक्यात घेतलंय. तुझी मोटारसायकल घेऊन ये."

पुतण्या आला. चहा पिता पिता म्हणाला, "काका, जुनी वाट म्हणजे कुठली?"

"रोमची," मी म्हणालो.

आता रोम कुठे आणि आमचे सोलापूर कुठे! पण थट्टा बाजूला ठेवून सांगतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या कुणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने एक छोटेखानी पुस्तक लिहून ठेवले आहे. 'पेरिप्लस ऑफ द इरिथ्रियन सी' या नावाने ते ओळखले जाते. लिहिणाऱ्याचे नाव कुणालाच ठाऊक नाही. त्याची दहाव्या शतकातली हस्तलिखित प्रत जर्मनीत हायडेलबर्गला आहे. कोणत्या बंदरात काय विकते, कुठे काय स्वस्त मिळते, कुठे गाळात जहाज रुतते, असा तो रोकडा व्यापारी मजकूर. कवित्व औषधालाही नाही. या गृहस्थाने दख्खनमधल्या दोन पेठांची नावे आवर्जून दिली आहेत. एक पैठण, भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर. आणि पैठणहून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर दुसरे फार मोठे शहर, तगर. पैठणहून अकिकासारखे दगड येतात आणि तगरहून साधे जाडेभरडे कापड, नाना तऱ्हेची तलम वस्त्रे, आणि समुद्रकाठच्या प्रदेशांतून तगरला येणारा इतर माल. हा समुद्र पूर्वेचा असावा असे अभ्यासक मानतात. सगळा माल गाड्यांवर लादून भडोचला उतरतो आणि तिथून जहाजाने पश्चिमेला जातो.

माझे एक पद्मशाली स्नेही सोलापूरच्या पूर्व भागात राहतात. साऱ्या हयातीत त्यांनी मागावर चादरी विणल्या. त्यांना मी हा मजकूर वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "जाडेभरडे कापड म्हणजे आमचाच धंदा की! आणि आमची माणसंपण त्याच अंगानं आली, तेलंगणातून. दोन हजार वर्षांत काय बदललं म्हणायचं?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

तगर म्हणजे कोणते गाव यावर विद्वानांचे बरेच दिवस जुंपले होते. कुणी देवगिरी म्हणाले, कुणी जुन्नर. डॉ. भांडारकरांनी धारूरचे नाव सुचवले. कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला मोठ्या दिमाखाने 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, पण ते तगर कुठे आहे हे सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही. अखेर १९०१ साली फ्लीट साहेबांनी हे तगर म्हणजे तेरणा नदीकाठचे तेर असे मांडले आणि वाद मिटला. तेर म्हणजे आपल्या गोरोबाकाकांचे तेर. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव करीत सकाळच्या गाडीने निघालात तर जेवायच्या वेळेला पोचता. १९५८ साली चापेकरांनी तिथे उत्खनन केले आणि त्यानंतरही उत्खनने झाली. रोमी धाटणीचे दिवे, पांढऱ्या मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या, मणी असा पुष्कळ ऐवज निघाला. पण तेरची खरी पुण्याई रामलिंगप्पा लामतुरे या तिथल्याच गृहस्थांची. पावसाने टेकाडे धुपली की वर येणाऱ्या वस्तू ते वेचून ठेवीत. लोक खापऱ्या म्हणून फेकून देत त्या ते जपून घरी नेत. आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तेरला आहे. तिथे हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेतून जी भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली, तिच्याशी हिचे साम्य पाहून भले भले चकित झाले. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गडप झाले. म्हणजे त्याआधी कधीतरी आपल्याकडची कारागिरी तिकडे पोचली होती.

इथवर सगळे पुस्तकात मिळते. माझी गोष्ट याच्या पुढची आहे, आणि ती सांगायला मला थोडे जड जाते.

१९७२ साली मी बावीस वर्षांचा होतो. बी. ए. होऊन घरी बसलो होतो. त्या वर्षीचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना तो सांगायला नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. माझ्या मामाचे गाव मांजरा नदीच्या पलीकडे, बालाघाटच्या पठारावर. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. का, ते पुढे कळेल. तिथे रस्त्याचे दुष्काळी काम निघाले. लिहितावाचता येणारा माणूस हवा होता. मामाने मला बोलावून घेतले आणि मी हजेरी घेऊ लागलो. बाया, माणसे, पोरेसुद्धा खडी फोडायला येत. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळे, ती अमेरिकेतून आलेली. पोरांना सुकडी मिळे.

रस्त्याला भराव घालायचा होता. मुरमाची खाण दीड कोसावर होती आणि उन्हात तेवढी पाटी वाहून आणताना बायांना भोवळ येई. गावाच्या बाहेर ओढ्याच्या काठाला एक पांढर होती. पांढर म्हणजे जुन्या, उठून गेलेल्या वस्तीचे टेकाड. शेकडो वर्षांची राख, पडक्या भिंती, शेण, खापऱ्या यांनी तिथली माती पांढरट होते. शेतकरी ती खत म्हणून शेतात टाकतात. मुकादम म्हणाला, "मास्तर, ही जवळची माती घेऊ का?" मला मास्तर म्हणत. मी म्हणालो, "घ्या." एवढेच. एका शब्दाचे काम.

तीन आठवड्यांत निम्मे टेकाड रस्त्यावर गेले. त्यातून हातभर लांबीच्या विटा निघाल्या, त्या फोडून दबाईत घातल्या. मणी निघाले, ते पोरांनी वाटून घेतले. मला एक मातीची टिकली सापडली. रुपयाएवढी, भाजलेली, वर दोरा ओवायला भोक, आणि एका बाजूला माणसाचे तोंड. नाक सरळ, मानेवर केस. खेळण्यातले काही असेल म्हणून मी ती मामाच्या धाकट्या पोराला देऊन टाकली.

त्यानंतर बावीस वर्षांनी, १९९४ साली, शाळेची सहल घेऊन मी तेरला गेलो. तोवर मी खरोखरच मास्तर झालो होतो. संग्रहालयात काचेच्या कपाटात तशीच टिकली होती. भोक तसेच, नाक तसेच. शेजारी लिहिले होते, की रोमी नाण्यांवरून केलेल्या या मातीच्या पदकांसारख्या नकला, गळ्यात घालण्यासाठी. पोरे पुढे निघून गेली. मी तिथेच उभा राहिलो.

तेव्हापासून माझ्या मनात एकच प्रश्न घर करून बसला. मी जे टेकाड रस्त्यावर पसरले ते नुसते एक उजाड गाव होते, की तगरहून पैठणला जाणाऱ्या गाड्यांचा मुक्काम?

त्याचे गणित मी कितीतरी वेळा मांडले. तेर ते पैठण नकाशावर सरळ रेषा ओढली तर सुमारे १५० किलोमीटर. दहा दिवस म्हणजे दिवसाला पंधरा. वाटेची वळणे धरून अठरा-वीस. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर आणि दिवस वीस. तिथेही साधारण तोच हिशेब पडतो. त्या ग्रीक गृहस्थाने थाप मारलेली नाही. कुणा गाडीवानाला विचारूनच त्याने दिवस लिहिले असणार. हे मी पुस्तकी सांगत नाही. लहानपणी आम्ही सुट्टीला मामाकडे जायचो ते कुर्डुवाडीहून बार्शी लाइनच्या छोट्या गाडीने. ती १८९७ साली सुरू झाली, अडीच फुटांच्या रुळांवर चाले आणि रामलिंगच्या घाटात इतकी दमे की पोरे खाली उतरून पळत तिच्या बरोबर जात, असे आमचे वडील शपथेवर सांगत. येडशीला मामाची बैलगाडी उभी असे. तिथून एक मुक्काम येरमाळ्याच्या आसपास, दुसरा कळंबला आणि तिसऱ्या दिवशी मामाचे घर. बैलाला दुपारी सोडावे लागते, वैरण-पाणी करावे लागते, रवंथ करू द्यावे लागते. भरली गाडी त्यापलीकडे रेटली तर बैल बसतो. बैलाचे पोट आणि दोन पाणवठ्यांमधले अंतर, यांतून दिवसाची मजल ठरते.

नकाशावर मी पंधरा पंधरा किलोमीटरच्या खुणा केल्या. तेर ते पैठण ही रेषा कळंबजवळून आणि बीडजवळून जाते. आणि तिसऱ्या दिवसाची खूण मामाच्या गावाच्या शिवारात पडते.

हा निव्वळ योगायोग असू शकतो, हे मला कळते. पण असे योगायोग माणसाला झोपू देत नाहीत.

असो. आम्ही निघालो. मोटारसायकलवर मी मागे, पाठीला पिशवी, पिशवीत नकाशा, टेप, दशम्या आणि गुडघ्यांचे तेल. तेरला गोरोबाकाकांच्या समाधीला नमस्कार केला. त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ पाहिले. त्याची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल आहे. मूळचे ते बौद्ध चैत्य असावे असे बहुतेक अभ्यासकांचे मत. गोरोबा कुंभार होते आणि तेरची माती कुंभाराची, हे संग्रहालयातली खापरे पाहताना पटते.

तेरच्या पुढे आमची पहिली फजिती झाली. मला वाटले होते, कुठेतरी फरसबंदीचा तुकडा दिसेल, निदान दगडांची ओळ. पुतण्या फोनवर रोमच्या रस्त्यांची चित्रे दाखवत होता. ख्रिस्तपूर्व ३१२ साली सुरू झालेला आपियन रस्ता, घट्ट बसवलेले दगड, मैलामैलाला खांब. "काका, असलं काही इथं दिसत नाही." मग मी त्याला पुस्तकातली एक गंमत सांगितली, जी मी स्वतःही सोयीस्कर विसरलो होतो. तो ग्रीक व्यापारी स्पष्ट लिहितो, की हा माल गाड्यांतून, पण रस्ता नसलेल्या फार मोठ्या प्रदेशांतून येतो. म्हणजे मी शोधत होतो तो रस्ता त्याच्या काळीही नव्हता! रोमच्या लोकांनी इकडे एक दगड बसवलेला नाही. वाट आपली, गाड्या आपल्या, राज्य सातवाहनांचे. रोमचे फक्त गिऱ्हाईक.

"मग आपण शोधतोय काय?" पुतण्याने विचारले. प्रश्न रास्त होता.

उत्तर मला कळंबच्या अलीकडे एका काळ्या रानात मिळाले. दिवाळीनंतरचे दिवस. ज्वारी गुडघ्याएवढी. बांधाच्या कडेने जाणारी गाडवाट वाळून कडक झाली होती. एक शेतकरी औत सोडून झाडाखाली बसला होता. त्याला मी विचारले, "पावसाळ्यात इथून गाडी जाते का?" तो हसला. "पावसाळ्यात? गाडी जाऊद्या, माणूस गुडघ्याएवढा रुततोय. दसऱ्याला चिखल वाळतो, दिवाळीला वाट खुलती."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इजिप्तची जहाजे पावसाळी वाऱ्यावर येत आणि ते वारे फिरले की हिवाळ्यात परत जात. काळ्या रानातली वाट दिवाळीनंतर खुलते. तेरहून पैठण दहा दिवस, पैठणहून भडोच वीस. दिवाळी करून निघालेली गाडी महिन्याभरात, मार्गशीर्षात, भडोचच्या धक्क्याला लागते, आणि तेव्हाच परतीची जहाजे भरत असतात. उशीर झाला तर माल वर्षभर पडून. हा माझा अंदाज आहे, कुणा विद्वानाचा निर्णय नव्हे. पण त्या झाडाखाली मला पहिल्यांदा ती वाट दिसली. ती एका जागी नव्हती. एका ऋतूत होती, आणि पाण्यापासून पाण्यापर्यंत होती. मधले रान गाडीवानाला सोयीचे पडेल तसे तुडवायचे.

मग आमची शोधण्याची रीत बदलली. आम्ही रस्ता शोधायचे सोडून पाणी शोधू लागलो. जुनी बारव, नदीचा उतार, ओढ्याकाठची पांढर. मांजरा नदी कुठे उतरता येते हे कळंबच्या बाजूच्या म्हाताऱ्यांना अजून पाठ आहे. पूल झाल्यावर पोरांना ते ठाऊक असण्याचे कारण उरले नाही. एका म्हाताऱ्या धनगराने आम्हांला नेऊन दाखवले. तळाशी रेती नाही, सलग कातळ. त्यावर दोन खोल रेघा, बाभळीच्या बुंध्याखालून वर चढत गेलेल्या. चाकोरी! मी टेप काढून मापे घेतली. हात थरथरत होता.

"ही कधीची, बाबा?"

"माझ्या आज्याच्या आधीची. निजामाच्या वेळंला हितनं सरकीच्या गाड्या जायच्या."

पुतण्या हळूच म्हणाला, "काका, ही रोमच्या वेळची कशावरून?"

"कशावरूनच नाही," मी म्हणालो. "लोखंडी धाव शंभर वर्षांतही एवढा कातळ खाईल." पण उतार एकच असेल तर सातवाहनांची गाडी, लमाणांचा तांडा आणि निजामाची सरकी, सगळ्यांना तिथूनच चढावे लागणार. चाकोरी शेवटच्या चाकाची असते. खाली किती चाके गेली हे ती सांगत नाही. तरी मी तिथे बराच वेळ बसून राहिलो, आणि पुतण्यानेही घाई केली नाही.

मामाच्या गावावरून आम्ही जाताना थांबलो नाही. मी त्याला म्हणालो, "परतताना बघू." त्याला माझे कारण माहीत नव्हते.

पुढचे मुक्काम झपाट्याने झाले. नेकनूरचा जनावरांचा बाजार, मांजरसुंबा, आणि जवळच कपिलधार. तिथे कार्तिकी पौर्णिमेच्या मन्मथस्वामींच्या यात्रेची गर्दी सुरू झाली होती आणि सोलापूरकडची ओळखीची माणसेही भेटली. मांजरसुंब्याच्या घाटाने बालाघाट संपतो आणि खाली बिंदुसरेच्या काठी बीड. आमच्या हिशेबाने हा सहावा मुक्काम. मुक्कामाला जागाही अशी, की घाट उतरून थकलेला बैल इथे आपोआप थांबेल. बीडची खजाना बावडी निजामशाहीतली, सोळाव्या शतकातली. घाटवाटेवरच्या माणसाला पाण्याची किंमत किती होती हे ती पाहिली की कळते. बीडच्या पुढे सिंदफणा ओलांडली की रान सपाट होते. गोदावरीकाठी राक्षसभुवन डावी-उजवीकडे कुठेतरी राहते. तिथे १७६३ साली थोरल्या माधवरावांनी निजामाचा पराभव केला. फौजांनाही उतार आणि पाणी पाहूनच चालावे लागे.

दहाव्या खुणेला पैठण. पैठणला गोदावरीच्या घाटावर पाय सोडून बसलो. वरच्या अंगाला १९७६ साली पूर्ण झालेले जायकवाडीचे धरण. टॉलेमीने दुसऱ्या शतकात आपल्या भूगोलात या गावाचे नाव लिहिले, आणि इथल्या राजाचेही. तो आपला पुळुमावी. इथून भडोचची वीस दिवसांची वाट वेगळी, ती माझ्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. खरे तर तगरहून समुद्राला जवळची वाट जुन्नरवरून नाणेघाटाने कल्याणला होती. नाणेघाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण अजून आहे, जकातीचा म्हणून लोक दाखवतात. पण ग्रीक व्यापारी लिहितो, की त्याच्या वेळी कल्याणच्या बंदरावर अडवणूक होती आणि तिथे चुकून गेलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाई. राजकारणात नाक्यावरचे भांडण लागले, आणि तेरच्या विणकराचे कापड लांबच्या वाटेने हिंडले. यात मात्र दोन हजार वर्षांत फारसा बदल नाही.

परतताना मामाच्या गावाला थांबलो. मामा जाऊन वीस वर्षे झाली. मामी नव्वदीच्या घरात आहे. ओसरीवर बसून होती. नजर गेली आहे, पण आवाजावरून तिने मला ओळखले.

"कोण, सोलापूरचा का? इतक्या वर्सांनी वाट सापडली व्हय रं तुला?"

तिला काय माहीत, मी वाटच शोधत आलो होतो.

चहा झाल्यावर मी ओढ्याकडे गेलो. पांढरीचे उरलेले निम्मे टेकाड अजून होते. त्यावर गवत आणि एक लिंब. कडेला माती ढासळली होती, तिथे राखेचा थर, त्यावर खापऱ्या, त्यावर पुन्हा राख. पुतण्या वाकून एक खापरी उचलणार तोच मी म्हणालो, "राहू दे. जिथे आहे तिथे राहू दे." मग तिथेच त्याला मी १९७२ ची सगळी गोष्ट सांगितली. टेकाडाच्या पायथ्यापासून तो रस्ता निघतो. आता त्यावर डांबर आहे. त्याच रस्त्याने आम्ही मोटारसायकलवरून आलो होतो.

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "काका, त्या बायांना मुरमासाठी दीड कोस चालवायला हवं होतं का?"

याचेही उत्तर माझ्याजवळ नाही. आजही मुकादमाने त्या उन्हात मला तेच विचारले तर मी काय म्हणेन, याची मला खात्री देता येत नाही. एवढे मात्र करता आले असते, की त्या विटांची मापे लिहून ठेवायची, मणी गोळा करायचे, तेरला एक पत्र टाकायचे. हजेरीच्या वहीत मी रोज तीनशे नावे लिहीत होतो. त्याखाली चार ओळी जास्त लिहिल्या असत्या तर शाई संपणार नव्हती.

आता मी तेरच्या संग्रहालयाला पत्र लिहून गावाचे नाव, जागा आणि उरलेल्या टेकाडाची मापे कळवली आहेत. म्हणूनच ते नाव इथे छापत नाही. छापले तर जाणत्यांच्या आधी कुदळी पोचतील.

रात्री जेवताना मी मामीला टिकलीची आठवण केली. "मातीची टिकली, मामी. तोंड असलेली. धाकट्याला खेळायला दिली होती."

ती आठवू लागली. मग एकदम म्हणाली, "ती व्हय! ती त्यानं पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधली. ढवळ्याच्या. लई गोड दिसायची."

"मग?"

"मग काय! त्या साली वैरण कुठं व्हती? बैल इकला की. नेकनूरच्या बाजारात. पैठणकडचा एक माणूस घिऊन गेला. पोरगं रडत गाडीमागं पळालं, पार वढ्यापातूर."

"आणि टिकली?"

"गळ्यातच राह्यली," मामी म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.